जुळ्या शिंगरांचा कल

घोडीला जुळं झालं तेव्हा ठमी माझ्या मांडीवर दूध पीत होती आणि माझा एकच हात मोकळा होता.

घोडी अर्थातच फोनमधली. ‘रिकीब’ हा खेळ मी ठमीच्या आधीपासून खेळत होते; बाळंतपणाच्या लांबलचक रजेत तो माझा दुपारचा सोबती झाला. घोड्यांची पैदास करायची, शिंगरं वाढवायची, शर्यतीत उतरवायची. ठमी झोपली की हाताला लागणाऱ्या त्या एवढ्याशा वेळात मला कपड्यांच्या घड्या घालायच्या नसायच्या, कुणाला फोन करायचा नसायचा. मला माझ्या कुमैत, तांबूस अंगाच्या नि काळ्या आयाळीच्या घोडीपाशी, कस्तुरीपाशी जायचं असायचं.

त्या दुपारी कस्तुरी व्यायली. एक शिंगरू बाहेर आलं, मी स्क्रीनवर बोट फिरवून त्याला पुसायला लागले, आणि मागून दुसरं आलं.

“अगं बाई!” मी मोठ्यांदा म्हणाले. ठमीने दचकून दूध सोडलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली.

“काय झालं?” ओट्यावरून आप्पांचा आवाज आला.

आप्पा म्हणजे माझे सासरे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात त्यांचं उभं आयुष्य गेलं. दोन्ही गुडघे बदलल्यावर घोडे विकावे लागले, आणि आमच्या शहाद्याच्या घराच्या अंगणात गव्हाण आणि भिंतीतली लोखंडी कडी तेवढी उरली. त्यांचं-माझं बोलणं म्हणजे गोळी घेतली का, चहा ठेवू का. भांडण नव्हतं, विषयच नव्हता.

“काही नाही आप्पा. खेळातल्या घोडीला जुळं झालं.”

काठीचा आवाज ओट्यावरून माजघरात आला आणि माझ्या दारात थांबला. “घोडीला जुळं जगत नाही,” आप्पा म्हणाले. “पोटात जागाच नसते तेवढी. दोन्ही जिती आहेत?”

“उभी राहतायत, बघा ना.”

त्यांनी फोन हातभर लांब धरला. दोन ओली शिंगरं लटपटत आईच्या पोटाखाली तोंड खुपसत होती. आप्पांनी ओठ हलवत दोघांच्या टापा मोजल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून फोन अगदी नाकाशी नेला.

“हिच्या गळ्यावर देवमन आहे गं,” ते म्हणाले. “आणि ही...” त्यांनी फोन मला परत दिला. “हिला सापीण आहे. खोगिराच्या पुढ्यात. अशी कुणी दारात उभी करत नाही.”

घोड्याच्या अंगावर केस जिथे गरगर फिरतात तो भोवरा. गळ्यावरचा देवमन म्हणजे घरात लक्ष्मी. मानेच्या मुळाशी वळवळत गेलेली भोवऱ्यांची रेघ म्हणजे सापीण, धन्याचा घात. बाजारात आधी भोवरे बघतात, दात नंतर. मी हसले. हसू लपवायला ठमीचं झबलं सारखं केलं.

पण हे भोवरे तिथे आलेच कसे, याचं मला मनातून नवल वाटत होतं. जुन्या खेळांतला घोडा म्हणजे चार आकडे असायचे: वेग, दम, वजन, वय. ‘रिकीब’मध्ये घोडा खरोखर वाढवला जायचा. खऱ्या घोड्यांच्या जनुकांवरून एक पेशी मांडायची, तिची दोन, दोनाच्या चार होऊ द्यायच्या. हाडं, स्नायू, मज्जातंतू एकमेकांना रेटत कशी जागा घेतात ते संगणकाने क्षणाक्षणाला मोजायचं. कातडी आणि मेंदू गर्भात एकाच थरातून फुटतात, म्हणून मेंदूचं गणित मांडलं की कातडीचंही आपोआप मांडलं जातं. ते भोवरे कुणी रंगवले नव्हते. ते उमटले होते. जुळ्यांची जनुकं अगदी एक, तरीही वाढताना कुठली पेशी किंचित आधी सरकली, कुठली मागे राहिली, एवढ्यावर एकीला देवमन आला आणि दुसरीला सापीण. मी बियाण्याच्या कंपनीत जनुकं वाचायचं काम करते. एकाच शेंगेतल्या दोन दाण्यांना फांद्या वेगळ्या फुटलेल्या मी रोज बघते. भोवऱ्यावरून नशीब मात्र मी कधी वाचलेलं नाही.

मी वाचत होते तो कल.

प्रत्येक शिंगराच्या नावाखाली ‘कल’ लिहिलेलं असायचं. त्यावर बोट ठेवलं की खेळ त्या शिंगराला क्षणार्धात हजारो वेळा जगवून बघायचा. सरासरी मालक, सरासरी ठाण, सरासरी सराव धरून त्याचं पुढे काय होतं ते मोजायचा आणि जो स्वभाव सर्वांत जास्त वेळा निघाला तो सांगायचा. दोन्ही शिंगरांचा कल अक्षरशः सारखा निघाला: भडकी, गर्दीला बुजणारी, लांब पल्ल्याला नको. अशा शिंगराचं काय करायचं ते सगळ्या मुरलेल्या खेळाडूंना पाठ होतं. एकटीला सराव द्यायचा, डोळ्यांना झापडं लावायची, लगाम आखूड ठेवायचा आणि छोट्या शर्यतींत काय मिळेल ते घ्यायचं.

माझ्या तबेल्यात एकच ठाण रिकामं होतं.

“आप्पा, एक तुम्ही सांभाळता का?”

“मला कुठे येतं ते.”

“बोटाने ओढायचं नुसतं. ठमीलासुद्धा येतं.”

ठमीशी झालेली ही तुलना त्यांना आवडली असावी. “मग देवमनवाली घेईन,” ते झटकन म्हणाले.

त्यांच्या फोनवर मी खेळ चढवून दिला. त्यांनी तिचं नाव मोहना ठेवलं, लगेच, जसं काही नाव आधीपासून तयार होतं. माझ्या तबेल्यात राहिली तिला खेळाने आपणहून ‘कस्तुरी-२’ म्हटलं होतं. तसंच राहू दिलं. नंतर ठेवू म्हटलं नाव.

त्यानंतर आमच्या घरात एक विषय आला. आप्पा ओट्यावर बसून मोहनाला चारायला न्यायचे. मी भाजी चिरता चिरता विचारायची, “काय म्हणतेय मोहनाबाई?” ते म्हणायचे, “आज दुडकी धरली बरं का. तुझी काय करतेय?” माझी झापडं लावून एकटी गोल गोल फिरत असायची. त्यांच्या फोनमधून सारखा ढोल, पिपाण्या, भोंग्यावरचा कुणाचा तरी आवाज यायचा. खेळात जत्रेचा आवाज लावायची सोय होती ती त्यांना सापडली होती. ठमी त्या तालावर बसल्या बसल्या ढुंगण हलवायची.

कलाचं पान आप्पांनी कधी उघडलंच नाही. देवमन दिसल्यावर आणखी काय बघायचं?

भोवऱ्यांचं म्हणाल तर ते ठमीलाही आहेत, डोक्यावर दोन. बारशाला निहारच्या आत्याने तिचं टोपडं काढून बघितलं आणि जाहीर केलं, “दोन भोवरे! दोन लग्नं करणार पोरगी.”

“चांगलंय की,” निहार म्हणाला होता. “दोनदा जेवायला या, आत्या.”

निहार म्हणजे माझा नवरा. पपईच्या बागांवर फवारणी करणारे ड्रोन दुरुस्त करतो. संध्याकाळी घरी आला की पायातले बूट तसेच ठेवून आधी ठमीला उचलायचा आणि “विमान सुटलं!” म्हणून वर उडवायचा. ठमी हवेत श्वास रोखायची, आणि त्याच्या हातात परत आली की उचकी लागेपर्यंत हसायची. मी रोज ओरडायची, “अरे, पंखा! पंखा आहे वर!” आणि रोज बघायला दारात उभी राहायची.

माझी रजा संक्रांतीनंतर संपणार होती. ठमीला वैजूताईंच्या पाळणाघरात ठेवायचं ठरलं होतं. तिथे बाळाचा कल मागत.

हो, बाळांचाही. ‘रिकीब’च्या मागे जे गणित होतं तेच दुसऱ्या एका कंपनीने घेऊन माणसांच्या बाळांना लावलं होतं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, पेशी पाठवायच्या, महिन्याभरात फोनवर येतं: तुमचं बाळ पुढे कसं असण्याची शक्यता जास्त. हा आजार सांगत नाही, ही फक्त शक्यता आहे, असं पहिल्याच ओळीत छापलेलं असे. तरी पाळणाघरांनी त्यावरून खोल्या केल्या. दंगेखोरांची वेगळी, शांत बाळांची वेगळी, आणि बुजऱ्यांची मागच्या बाजूची, पडदे लावलेली. सगळ्यांनाच ते सोयीचं वाटलं. आम्हीही काडी फिरवून पाठवली. उत्तर आलं की घाई करायची नाही, सारंगखेड्याची जत्रा होऊ दे, मग एका निवांत दुपारी दोघांनी मिळून उघडायचं, असं आमचं ठरलं होतं.

उत्तर आलं. मी फोनमध्ये त्याला तसंच झाकून ठेवलं.

दत्तजयंतीला सारंगखेड्यात खरी जत्रा भरली आणि ‘रिकीब’मध्येही तापीकाठचा ट्रॅक उघडला. खेळातली वर्षं आपल्या पंधरवड्यात सरतात. आमच्या घोड्या तोवर धावायच्या वयाच्या झाल्या होत्या. नवख्या घोड्यांच्या छोट्या शर्यतीत आम्ही दोघींनाही उतरवलं. दुपारी ओट्यावर मी, आप्पा, दोन फोन आणि मध्ये खुळखुळा चावत बसलेली ठमी.

“लगाम काय ठेवलास?” आप्पांनी विचारलं.

“आखूड. तुम्ही?”

“तिच्या मानेला सुटेल एवढा.”

फाटक उघडलं. माझी घोडी सुटली तीच आडवी. काठावरच्या माणसांकडे कान टवकारून, शेजारच्या घोड्याला टाळत, बाहेरच्या बाजूने पळत राहिली. मी लगाम आणखी ओढला, तशी मान वर करून तिने टापा आपटल्या. मोहना मात्र घोड्यांच्या गर्दीत होती. दोन घोड्यांच्या मधे जराशी फट दिसली आणि ती त्यातून चौखूर निघाली, जशी आपल्याच अंगणातून फाटकाबाहेर पडावी.

मोहना दुसरी आली. माझी सर्वांत शेवटी.

“आली गं माझी बाई!” आप्पांनी काठी आपटली. ठमीने दचकून खुळखुळा टाकला, मग त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. “बघितलंस? देवमन आहे म्हटलं ना!”

मी मोहनाची नोंद उघडून बघितली. खेळ घोड्याच्या छातीचे ठोके दाखवतो. आजूबाजूला एवढी गर्दी, आणि हिचे ठोके चरायला सोडल्यासारखे. जनुकं तीच, कल तोच; ही बुजायला हवी होती.

“आप्पा, तिला सराव कसला दिलात?”

“कसला नाही. हिंडू दिलं.”

“गर्दीची सवय कशी लावलीत पण?”

“मी कुठे लावली?”

“आणि हा जत्रेचा आवाज?”

“तो होय,” आप्पा जरा लाजले. “तो मी माझ्यासाठी लावतो. रेडिओ लावावा तसा. यंदा जाता येणार नाही म्हटलं...”

मला हसू फुटलं. तो आवाज आप्पांसाठी नव्हताच. ती ठाणाची सोय होती. लावली की ढोल घोडीच्या कानाशी वाजतात. जन्मल्या दिवसापासून मोहना दिवसभर सारंगखेड्याची जत्रा ऐकत वाढली होती. गर्दी म्हणजे तिचं घर होतं.

मग माझं हसू थांबलं.

“आप्पा, सापीणवाली तुमच्या वाट्याला आली असती तर?”

“घेतलीच नसती.”

“समजा घ्यावीच लागली असती?”

त्यांनी गव्हाणीकडे बघितलं. “मागच्या बाजूला बांधली असती. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत नको म्हणून. पोराबाळांजवळ आणली नसती. लगाम आखूडच ठेवला असता.”

म्हणजे मी जे केलं तेच. त्यांनी ते सापिणीला बघून केलं असतं. मी आकडा बघून केलं होतं. मी तिला एकटी फिरवली, तिच्या डोळ्यांना झापडं लावली, आणि ती बुजली तेव्हा मनात म्हटलं, कल बरोबर निघाला.

त्यानंतर मी ‘सरासरी मालका’चा अर्थ शोधला. नियमांच्या शेवटी लिहिलेलं होतं: लाखो खेळाडू आपापल्या घोड्यांशी जसे वागतात त्याची सरासरी दर आठवड्याला काढली जाते. आता प्रत्येक खेळाडू आधी कल वाचत होता. भडकी घोडी मिळाली की तिला कोंडत होता, कोंडलेली घोडी भडकत होती, ते सरासरीत जात होतं, आणि पुढच्या आठवड्यात तशा शिंगराचा कल आणखी ठामपणे सांगत होता: भडकी. कल खोटं बोलत नव्हता. आम्ही सगळे मिळून त्याला खरा करत होतो.

त्या संध्याकाळी निहार घरी आला. ठमी रांगत दारात गेली आणि तिने दोन्ही हात वर केले. निहारने बूट काढले. हात धुतले. मग काठोकाठ भरलेलं पातेलं उचलावं तसं तिला उचललं आणि मांडीवर बसवून तिच्यापुढे खुळखुळा हलवला.

“विमान?” मी विचारलं.

“पाठ भरलीय जरा.”

दुसऱ्या दिवशीही पाठ भरलेली होती. शेजारच्या काकू तिला घ्यायला आल्या तेव्हा निहार म्हणाला, “राहू दे काकू, नवं माणूस बघून घाबरते ती.” ठमीचं काकूंचं मंगळसूत्र तोंडात घालून झालं होतं कितीतरी वेळा. आणखी काही दिवसांनी ठमी दारात गेली आणि तिचे हात निम्म्यावरच थांबले. वर गेले नाहीत. ती बापाकडे बघत राहिली, मग खाली बसून त्याच्या बुटाची नाडी ओढायला लागली.

“तू वाचलंस,” मी म्हणाले.

निहारने आधी नाही म्हटलं. मग पलंगाच्या कडेवर बसला. “माझ्याही फोनवर आलं होतं. त्या शर्यतीच्या दिवशी सकाळी. तू आंघोळीला गेली होतीस. राहवलं नाही गं.”

“काय आहे ते मला सांगू नकोस.”

“सांगू नको कसं? पाचात चार शक्यता आहे की...”

“निहार!”

ठमी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

“मी फक्त जपतोय तिला,” तो म्हणाला. “माहीत असणं वाईट आहे का? तू नाही का बियाणं वाचून शेतकऱ्याला सांगत, हे वाण वाऱ्याला वाकेल म्हणून?”

“सांगते. मग तो त्याला काठी लावतो. तू काठी नाही लावलीस, निहार. तू वारा बंद केलास.”

मी त्याला दोन्ही घोड्या दाखवल्या. त्याने बघितल्या, ठोके बघितले, नियमही वाचले. ड्रोनवाला माणूस आहे, गणित त्याला माझ्याइतकंच कळतं.

“हा खेळ आहे, ईशानी. ठमी शिंगरू नाहीये.”

“नाहीये. पण गणित तेच आहे. त्यातही सरासरी आईबाप धरलेत. तू आहेस का सरासरी?”

“माझी आई म्हणायची, सरासरीपेक्षा कमीच आहे,” तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो, नको असताना. मग तो हळू म्हणाला, “आणि खरं निघालं तर? मी तिला वर उडवलं आणि त्या भीतीने झोपेत किंचाळायला लागली, तर मी कुणाला सांगू? मला माहीत होतं, तरी केलं, असं?”

मी त्याच्या शेजारी बसले एवढंच.

दारात काठी वाजली. आप्पांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “तुझी ती दुसरी माझ्याकडे दे. मोहनाशेजारचं ठाण रिकामं आहे.”

“आप्पा, सापीण आहे तिला.”

“दिसतंय मला. गुडघे गेलेत, डोळे नाही गेले.” ते खुर्चीत टेकले. “नाव काय तिचं?”

मी त्यांना फोनवरचं ‘कस्तुरी-२’ दाखवलं.

“नावच नाही?” आप्पा म्हणाले. “मग हाकेला कशी येणार ती?” त्यांनी आपला फोन निहारपुढे धरला. “धर. माझी बोटं थरथरतात. तू ओढ, मी सांगतो.”

निहारने लहानपणी घोडे बघितले होते, नंतर बापाच्या धंद्याकडे पाठ फिरवली होती. त्याने फोन घेतला तो वडिलांचं मन राखायला. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बघितलं, तो आपणहून ओट्यावर बसला होता. घोडीची झापडं काढली होती. जत्रेचा आवाज आधी अगदी बारीक, मग रोज जरासा वाढवत. पहिल्या दिवसांत ती भिंतीला अंग लावून थरथरत उभी राहायची. निहारचा अंगठा लगामाकडे जायचा, आणि आप्पा न बघताच म्हणायचे, “राहू दे. तिचं तिला कळू दे.” मोहना शेजारी उभी राहून निवांत चघळत असायची. मग एक दिवस हिने ढोल चालू असताना मान खाली घालून चारा खाल्ला. निहारने मला हाक मारून बोलावलं, “ईशानी, लवकर ये! खातेय बघ!”, असं, की मला वाटलं ठमीच चालायला लागली.

नाव त्यानेच ठेवलं. भिंगरी.

भिंगरीची मोहना झाली नाही. जे सुरुवातीला शिकायचं ते ती उशिरा शिकली, अर्धं राहूनही गेलं. संक्रांतीच्या शर्यतीत ती कुठेतरी मधे आली. पण धावली ती घोड्यांच्या घोळक्यातून, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांचे खांदे घासत. आप्पा म्हणाले, “सापीणवाली आहे, पण मनाची आहे.” त्यांच्या तोंडून ही केवढी कबुली होती ते निहारला कळलं, मलाही.

त्याच संध्याकाळी निहारने ठमीला उचललं आणि वर उडवलं. उडवलं कसलं, वीतभर उचलून सोडलं आणि लगेच घट्ट धरलं. त्याचा सगळा जीव हातांत आला होता. ठमीने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि भोकाड पसरलं.

“बघ,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याचे डोळे भरले होते.

मी तिला घेतलं, छातीशी धरलं. ती कलाप्रमाणे रडली, की बापाचे आखडलेले हात बघून रडली? हे आता कुणालाच कळणार नव्हतं, आम्हाला नाही, कुठल्या गणितालाही नाही. वाचण्याआधीचे हात निहारला परत मिळणार नव्हते. आता जे करायचं ते याच हातांनी.

सोमवारी आम्ही तिघंही पाळणाघरात गेलो. वैजूताई खातं उघडत होत्या. “बाळाचा कल?”

मी तोंड उघडायच्या आत निहार म्हणाला, “तो देत नाही आम्ही.”

“अहो, मग मी बसवू कुठे हिला? खोल्या त्याच्यावर केल्यात.”

“सगळ्यांत बसवा.”

“सगळ्यांत म्हणजे? एकीकडे कुठेतरी बसवावंच लागेल ना.”

“मग पुढच्या खोलीत बसवा. जिथे आवाज आहे तिथे.” मला त्याचा आवाज ऐकू आला तशी त्याखालची धास्तीही. “नाही जमलं तिला तर सांगा. मी येऊन बसेन तिच्याजवळ, हवं तर दिवसभर.”

वैजूताईंनी ठमीकडे बघितलं. ठमीने त्यांच्या चष्म्याला हात घातला. “बरं बाई,” त्या म्हणाल्या. “तुझं तूच सांग मग.”

पहिल्या दिवशी ती रडली. शांत बाळंही रडतात पहिल्या दिवशी, असं वैजूताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कमी रडली, तिसऱ्या दिवशी परत जास्त. मी प्रयोगशाळेत बियांच्या ओळी वाचत बसायची आणि दर थोड्या वेळाने छातीत दूध भरून यायचं. फोनमध्ये ते उत्तर होतंच, न उघडलेलं. एका दुपारी मी ते पुसून टाकलं. निहारच्या मनातून ते पुसता येणार नव्हतं, म्हणून पुसल्याचं त्याला सांगितलंही नाही.

मग त्या आठवड्यातली ती संध्याकाळ. ओट्यावर आप्पांचा फोन, त्यात ढोल, मोहना आणि भिंगरी शेजारी शेजारी. मी दारात पालेभाजी निवडत होते. निहार आला, बूट तसेच ठेवून पायरीवर टेकला. दोन दिवस झाले, तो ठमीला नुसता जवळ घेत होता. घाई करत नव्हता. ठमी पाळणाघराच्या धुळीने माखलेली, रांगत रांगत त्याच्याकडे गेली. त्याची पॅन्ट धरून उभी राहिली. लटपटली. आणि तिने दोन्ही हात वर केले, पूर्ण वर.

निहारने माझ्याकडे बघितलं.

मी पंख्याचं काही बोलले नाही. ओट्यावर पंखा नाहीच, वर नुसतं आभाळ आहे.

“सैल धर,” आप्पा फोनवरून नजर न काढता म्हणाले. कुणाला म्हणाले ते आम्ही विचारलं नाही.

त्याने ठमीला उडवलं. ती वर गेली, तिचे विरळ केस दोन्ही भोवऱ्यांभोवती उभे राहिले, तिने श्वास रोखला. आणि खाली त्याच्या हातांत येताना तिचा आवाज फुटला. तो हसण्याचा होता की रडण्याचा हे आम्हाला कळायच्या आत तिचे हात पुन्हा वर गेले होते.